टायगरची अश्दोदला बदली

शुक्रवारी दुपारी बेर्शेबाच्या बसस्टँडवर मी एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात साखळी धरून उभा होतो. साखळीच्या टोकाला टायगर होता. हे नाव ठेवलं तेव्हा त्याला शोभत असेल. आता दात मोजके, गुडघे आखडलेले आणि दोन्ही डोळे गेलेले. मी साताऱ्याचा, इथल्या विद्यापीठात संशोधनासाठी आलेला. कुत्र्यांशी माझी ओळख सायकलवर पाय वर उचलून घेण्यापुरतीच!

टायगर माझ्या घरमालकीणबाईंचा, शोशनामावशींचा. मावशी बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, मूळच्या अलिबागकडच्या आणि फार पूर्वी इस्रायलमध्ये येऊन राहिलेल्या. आता त्या वृद्धाश्रमात निघाल्या होत्या आणि तिथे कुत्रा चालत नव्हता. कुत्र्याच्या डॉक्टरने त्याला कायमचं झोपवायच्या इंजेक्शनचा मार्ग सुचवला, तेव्हा मावशींनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. अश्दोदला राहणारे त्यांचे धाकटे भाऊ, अव्रामभाऊ, टायगरला ठेवून घ्यायला तयार झाले होते. कारण मावशींनी फोनवर त्याची ‘फर्स्टक्लास वॉचमन’ म्हणून शिफारस केली होती.

“आंधला हाय ते बोलू नको हां,” मावशींनी मला बजावलं. “अव्राम नाय बोलला तर टायगरला सुई टोचतील.”

बसमध्ये कुत्र्याच्या तोंडाला महसोम (जाळी) लागते. ती मी तिसऱ्या प्रयत्नात, तोंड दुसरीकडे वळवून बांधली. ड्रायव्हरने हिब्रूत विचारलं, “चावतो का?”

“त्याला दिसत नाही,” मी म्हणालो.

“म्हणजे कुणाला चावला तेही कळायचं नाही,” असं म्हणून त्याने तिकीट फाडलं.

बेर्शेबाची धुळकट माळरानं मागे पडली. हळूहळू शेतं हिरवी झाली, संत्र्यांच्या बागा लागल्या. मला समुद्र दिसायच्या आधीच टायगरने मान वर करून खारा वारा हुंगला.

अव्रामभाऊ बंदरातल्या नोकरीतून निवृत्त झालेले, दणकट गृहस्थ. त्यांनी “ये, टायगर!” म्हणताच तो आवाजाच्या रोखाने नीट गेला आणि त्यांच्या पायावर बसला. घरात शिरल्यावर त्याने प्रत्येक खुर्चीचा पाय हुंगला.

“चेकिंग करतोय बग,” भाऊ बायकोला, रिवकाबाईंना म्हणाले. “चोर कुठून येल ते बगून ठेवतोय!”

मी घाईघाईने चहाचा कप तोंडाला लावला.

मी परत निघालो तर रिवकाबाई हसल्या. “आता बस कुठली? शब्बाथ लागतोय. उद्या सांजेला तारे दिसल्याबिगर काय हलत नाय.”

शब्बाथ म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं या देशात काढलेल्या मावशी बसच्या वेळा विसरतील कशा? शनिवार संध्याकाळपर्यंत मलाही कुणी हाकलू शकत नव्हतं आणि कुत्र्यालाही!

तेलाचा दिवा लागला. किद्दुशला (शब्बाथच्या प्रार्थनेला) मनुकांचं सरबत झालं आणि नारळाच्या रसातली माशांची आमटी मी लाज सोडून ओरपली. नंतर आम्ही गॅलरीत वारा खात बसलो. हात धुऊन येताना मी हॉलमधला दिवा बंद केला. खोलीत माणूस नसेल तर दिवा जळता कामा नये, हे आमच्या घरचं बाळकडू. टेबलावरचा तेलाचा दिवा तर मघाशीच विझला होता.

झोपायला आत आलो तर हॉलमध्ये मिट्ट काळोख, आणि तेव्हा कुठे मला आठवलं: शब्बाथला दिवा लावायचा नाही, विझवायचा नाही. मी ओशाळून बटणाकडे हात नेला, तोच रिवकाबाई ओरडल्या, “नको रे बाबा! आमच्यापायी लावलास तर आमाला त्या उजेडात बसता येत नाय.”

भाऊ पुढे सरले आणि टीपॉयवर आपटले. रिवकाबाईंनी माझा पाय तुडवला. त्या धांदलीत टायगर मात्र नखं टकटक वाजवत, कशालाही न धडकता हॉलभर फिरत होता. भाऊंनी त्याचा पट्टा धरला. “याला अंधारात दिसतं गो!” ते कौतुकाने म्हणाले.

आता मात्र मला राहवेना. “भाऊ, त्याला उजेडातही दिसत नाही.”

आता टायगरचं काही खरं नाही, असं मला वाटलं.

“लहानपणापासनं शोशना मला शेंडी लावतेय,” भाऊ गरजले. “आंधला वॉचमन घेऊन काय करू मी?”

“तुमी आधी बेडरूमपतुर जाऊन दाखवा,” रिवकाबाई शांतपणे म्हणाल्या. “त्याला सोडून.”

भाऊंनी तावातावाने पट्टा सोडला. धाडकन कपाटाचा आवाज आला. थोडा वेळ नुसतं कण्हणं ऐकू आलं.

“टायगर,” मग भाऊ हळूच म्हणाले, “चल बाबा.”

दुसऱ्या दिवशी फर्मान निघालं, की यापुढे घरातली एकही खुर्ची जागची हलणार नाही. रविवारी सकाळी मी निघालो, तेव्हा टायगर भाऊंच्या पायावर डोकं टेकून घोरत होता. मी हाक मारली, पण त्याने कानसुद्धा हलवला नाही. मला, कुत्र्यांना घाबरणाऱ्या माणसाला, त्याचा चक्क राग आला.

बेर्शेबाला मावशी बांधलेल्या सामानात बसून होत्या. भाऊ टायगरला ठेवून घेणार, हे ऐकून त्यांनी हात जोडले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, “माज्यासाठी रडला का रे?”

प्रवासात माणूस चार नव्या गोष्टी शिकतो म्हणतात. मी खोटं बोलायला शिकलो.

“रडला. थोडासा.”

“थोडासाच ना? मग बरं,” मावशी म्हणाल्या, आणि स्वतः मात्र कितीतरी वेळ रडत राहिल्या.