पत्रिकेवर हळद बसेना

मंडळी, आज आपली चांगलीच जिरली!

सरूमावशी लेकीच्या लग्नपत्रिकांचा पहिला गठ्ठा बघायला माझ्या प्रेसमध्ये आल्या. मी फुशारकीनं नवं यूव्ही कोटिंग दाखवलं. अ‍ॅक्रिलेट या प्लॅस्टिकसारख्या द्रवाचा पातळ थर यूव्ही दिव्याखाली क्षणात कडक होतो, मग नखानं ओरखडा उठत नाही की पाण्याचा डाग पडत नाही.

मावशींनी ओल्या हळदीचं बोट कोपऱ्याला लावलं. हळद निसटली.

"काहून भाऊ, हळद धरूनच न्हाई राहिली! देवापुढं कोरी पत्रिका ठेवू का?"

बाकीच्या पत्रिकांचे कोपरे मी कोटिंगविना सोडले. हळद बराबर बसली, मावशी हसल्या.

नखाची चाचणी केली, पाण्याची केली. वसमतसारख्या हळदीच्या गावात राहून हळदीचीच राहिली! तुमची अशी कोणती साधी चाचणी राहून गेली होती?