डावीकडे पाहणारी म्हातारी

मिहानमधल्या आमच्या ऑफिसातला एक सहकारी परदेशातून परत आला, तेव्हा त्याने मला एका संग्रहालयातून आणलेलं चित्र दिलं. वीतभर कागदावर एका म्हातारीचा चेहरा. डोक्यावर कापड, सुरकुतलेलं तोंड, पापण्या अर्ध्या मिटलेल्या. मागे लिहिलं होतं की मूळ चित्र सतराव्या शतकातलं, तांब्याच्या पत्र्यावर ॲसिडने कोरून छापलेलं. बाई बहुधा चित्रकाराची आई, पण खात्री नाही.

मला चित्रांतलं काही कळत नाही. बेसा भागातल्या आमच्या घरी आणून मी ते टीव्हीशेजारी टेकवून ठेवलं आणि फसले. येता-जाता नजर तिच्याकडेच जायची. खालचा ओठ थरथरल्यासारखा दिसायचा, त्यामुळे ती मला फार दुःखी वाटे. मग एखाद्या सकाळी वाटे, दुःखी कुठली, ही तर कुणावर तरी रुसलीय. काळ्या रेघांशिवाय कागदावर काहीच नव्हतं, तरी ती रोज बदलायची कशी, हे मला उमगेना.

आई म्हणाली, "दुःख-बिख काही नाही वं. पाहुणे जाऊन नाही राहिले अन् हिले झोप आली, एवढंच."

बाबा हिंगण्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं मशीनवर लावायच्या पितळी नेमप्लेटा बनवत. निवृत्तीनंतर ते गॅलरीत खुर्ची टाकून बसून असत, फारसं बोलत नसत. एका रविवारी त्यांनी ते चित्र उचललं, चष्मा वर करून पाहिलं आणि कपाटातून आपलं जुनं भिंग काढलं.

"हे तर आमचं काम हाये."

"तुमचं कसं?"

"पत्र्याले मेण लावाचं, सुईनं रेघा ओढाच्या अन् ॲसिडात टाकाचं. मेण निघालं तिथंच ॲसिड पत्रा खाते. आम्ही मेणाच्या जागी शाई लावत होतो, बस." त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. "गालाच्या रेघा पाह्य, किती बारीक. गाल झाकून टाकला अन् बाकीचं पुन्हा बुडवलं, तिथल्या रेघा खोल गेल्या. म्हणून गळ्याखाली एवढा अंधार."

भिंगाखाली म्हातारी नाहीशीच झाली. नुसत्या रेघा. खालच्या ओठापाशी काही ठिपके दिसले.

"हे काय?"

"मेण फुटलं तिथं. चूक हाये. आमच्याकडं असा पीस रिजेक्ट." त्यांनी ठिपक्यांपाशी बोट नेलं. "यानं राहू देलं. काहून राहू देलं असंन?"

मी भिंग बाजूला केलं. ओठ थरथरल्यासारखा वाटत होता तो नेमका तिथेच. म्हणजे इतके दिवस मला ॲसिडच्या चुकीचं वाईट वाटत होतं?

"अन् छापलं का उलटं येते," बाबा म्हणाले. "हे उजवीकडं पाहून राहिली ना? खरी बाई डावीकडं पाहत होती."

"म्हणजे आरशात तिले स्वतःचं तोंड जसं दिसे, तसं," स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली.

माझा गोंधळ आणखीच वाढला. "पण बाबा, ती दुःखी आहे की नाही?"

त्यांनी बराच वेळ पाहिलं. "मले वाटते, पोरगा तिले 'हलू नको' म्हणून राहिला, अन् ती नाही हलून राहिली."

बाबा इतकं बोलले, असं कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. तेवढ्या धीरावर मी मनात साचलेलं विचारून टाकलं. "तुम्ही तिथे गॅलरीत एकटे बसता. वाईट वाटतं का तुम्हाला?"

"मले? काहून?"

ते खरंच चकित झाले होते, की तसं दाखवत होते, मला ओळखता आलं नाही. भिंग पुसून त्यांनी खिशात टाकलं आणि गॅलरीत जाऊन बसले. मी दारातून त्यांचा चेहरा एका बाजूने पाहत राहिले. मग स्वयंपाकघरात जाऊन आईला विचारलं, "बाबा उदास असतात का गं?"

"तुह्या बाबाले तूच विचार," ती कणीक मळता मळता म्हणाली.

विचारलं तर होतं.