रिकाम्या रकान्यात मी भरलेला आकडा

चूक माझी होती. नर्सची नव्हती, यंत्राचीही नव्हती.

कुडाळजवळच्या एका रुग्णालयात मी संगणकाचं काम पाहतो. दाखल रुग्णांपैकी कोणाची प्रकृती बिघडेल, याचा अंदाज देणारा मशीन लर्निंगचा प्रोग्राम मी बसवला. जुन्या रुग्णांच्या नोंदींवरून तो शिकला होता. ताप, नाडी, लघवीचं प्रमाण भरलं की नावापुढे हिरवा, पिवळा किंवा लाल रंग येई. एखादी नोंद राहिली की तो अडून बसे. म्हणून मी त्याला शिकवून ठेवलं, रकाना रिकामा असेल तर इतरांची सरासरी धर. हे मी कोणालाच सांगितलं नाही.

लावणीच्या दिवसांत मसुऱ्याचे एक शेतकरी शेतातल्या चिखलपाण्यातून होणारा लेप्टोचा ताप घेऊन आले. हा ताप मूत्रपिंडांवर उतरला की लघवी कमी होते, म्हणून ती मोजायची असते. पण भरल्या वॉर्डात, शेजारणी भेटायला आलेल्या असताना, लघवीची बाटली घ्यायची त्यांना लाज वाटे. भिंत धरत ते संडासात जात आणि नर्सला सांगत, "झाली गो बाय, झाली." मोजमाप राहिलं. रक्ताचा रिपोर्ट यायचा होता. माझ्या प्रोग्रामने सरासरी धरली आणि त्यांचं नाव हिरवं केलं.

डॉक्टर लाल नावांपासून सुरुवात करत. ते यांच्या खाटेशी पोचले तेव्हा यांना धाप लागली होती. गोव्याला हलवल्यामुळे जीव वाचला, पण मूत्रपिंडं गेली. आता ते आमच्याकडेच डायलिसिसला येतात.

"नोंदच नव्हती, तुम्ही काय करणार?" डॉक्टर म्हणाले. मी मान डोलावली. नंतर त्या शेतकऱ्यांची बायको जिन्याशी दिसली की मी दुसऱ्या जिन्याने जाई. भेटलीच तर ती माझ्या मुलांची चौकशी करी.

शेवटी मी डॉक्टरांना सरासरीचं सांगितलं. ते म्हणाले, "आधी बंद करा ते." बंद केलं. जुनी प्रकरणं एकेक काढून पुन्हा तपासली. आता रकाना रिकामा असला की नाव करडं होतं, आणि करडी नावं लाल नावांबरोबरच पाहिली जातात. संडासातही मोजायचं भांडं ठेवायला लावलं. हे सगळं होईपर्यंत मी प्रोग्राम चालू करू दिला नाही.

मग मसुऱ्याला गेलो. ते घरापुढच्या खळ्यात खुर्ची टाकून बसले होते.

"काय ओ, हयसर खंय? मशीन बिघाडला?" मला तिथे आलेला पाहून ते हसले.

"आता इलात?" आतून बायको म्हणाली. "दवाखान्यात तर तोंड चुकवतात."

"वैनीनू, तुमीव भायर येवा," मी म्हटलं. ती पदराला हात पुसत आली. मी उभाच राहिलो.

"दादानू, तुमची लघवी मोजूची रवली. त्या जागी माझ्या प्रोग्रामान दुसऱ्यांचो आकडो घातलो, म्हणान डॉक्टर तुमच्याकडे उशिरा इले. तसा करूक मीच शिकवलंय, आणि लपवलंय. माका माफ करा."