पंचायतीच्या भिंतीवरच्या बातम्या

आमच्या मराठी पेपरातलं सीमाभागाचं पान बंद झाल्याचं मला फोनवर कळलं. संपादक बोलले नीट, उगाच लांबण लावली नाही. "तिकडं अंक जातच नाहीत बाई, गाडीचा खर्चसुद्धा निघत नाही." वीस वर्षं मी त्या पानासाठी कर्नाटकातल्या औराद भागातून बातम्या पाठवत होते. मास्तरांच्या घरात वाढूनही शिक्षिका झाले नाही, ती या पानापायी. आता पन्नाशीत पान गेलं आणि हातात राहिला मुलीनं घेऊन दिलेला फोन. त्यावर मी फोटो काढायचे आणि बातमी टाइप करून पाठवायचे, तेवढंच.

मी घरी बसणार नव्हते. कलबुर्गीत पत्रकारांसाठी मोबाइलचं तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं, त्यात नाव घातलं. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची, कन्नडमधून भराभर बोलायची. आवाज स्वच्छ कसा घ्यायचा, आलेला फोटो जुना आहे का ते कसं शोधायचं, चुकलं तर मजकूर गुपचूप न पुसता दुरुस्ती कशी द्यायची, हे सगळं मी वहीत उतरवून घेतलं. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "तुमचा वाचक कोण? एक माणूस डोळ्यांपुढं आणून सांगा." माझी पाळी आली आणि मला सांगता येईना. डोळ्यांपुढं यायचे ते संपादक.

"मग गावी जाऊन दहा जणांना विचारा," ती म्हणाली, "त्यांना काय कळायला हवंय ते."

आठवड्यात आमच्या भागातल्या ठाणाकुशनूरच्या बाजाराला गेले. बांगड्या विकणाऱ्या एका मावशींपासून सुरुवात केली. गेली कित्येक वर्षं मी त्यांच्याकडून बांगड्या भरायचे, पण पेपरबद्दल कधी बोलले नव्हते. त्यांना मोतीबिंदू झाला होता. मनगट हातानं चाचपून माप बरोबर काढायच्या, पण हिरव्याच्या जागी निळ्या बांगड्या द्यायच्या.

"मावशी, माझा पेपर वाचता का?"

"मला कुठं वाचायला येतंय बाई? कामून विचारायलीस?"

"मग तुम्हाला काय सांगू? काय कळायला पाहिजे?"

त्यांनी जरा विचार केला. "पंचायतीच्या भिंतीला कागद चिकटवतेत बघ. त्येच्यात काय लिव्हलंय ते सांग. समदे म्हणतेत, कागद लावला होता, तू कामून आली न्हाईस."

बाकी नऊ जणांनी निरनिराळं सांगितलं, पण मला मावशींचं उत्तर सोडेना. ते कागद कन्नडमध्ये असतात. शाळेत कन्नड शिकलेली पोरं वाचतात, पण ती बीदरला नाहीतर हैदराबादला गेलेली. घरी उरलेल्यांत मराठी बोलणारे पुष्कळ आणि वाचणारे थोडे.

मी फोनवर गट केला. रोज सकाळी दोन-तीन पंचायतींच्या फलकांवरचं मराठीत वाचून दोन मिनिटांचा आवाज टाकायचा, एवढंच ठरवलं. पहिला आवाज मावशींना ऐकवला तर त्या हसल्याच. "रेडिओवानी कामून बोलायलीस? माझ्याशी बोलायलीस तसं बोल की." प्रमाण भाषेत बोलायची सवय मोडायला मला महिना लागला. ती मोडली, तसे लोक वाढले. बायका उलट आवाज पाठवून विचारू लागल्या: अर्ज कुठं द्यायचा, सोबत काय न्यायचं.

आणि मग मी चुकले.

कुणीतरी डोळे तपासणीच्या शिबिराचा कागद गटात पाठवला. फोटो कडेनं कापलेला, दिवस होता, महिना दिसत नव्हता. तपासायचं कसं ते माझ्याच वहीत लिहिलेलं होतं. पण बातमी आपल्याकडूनच आधी जावी, ही जुनी खोड. घाईघाईनं वाचून टाकलं. शिबिराच्या दिवशी व्हिडिओ घ्यायला मी स्वतः शिबिराच्या जागी, शाळेत गेले, तर दाराला कुलूप. ओट्यावर म्हातारी माणसं रांगेनं बसलेली. कागद गेल्या महिन्याचा होता. शिबिर होऊन गेलं होतं.

त्या माणसांत मावशीही होत्या. बाजाराचा दिवस सोडून, दोन बस बदलून आल्या होत्या.

पहिला विचार आला तो गटातला तो आवाज पुसून टाकायचा. बोट तिथवर गेलंही. मग मी मावशींपाशी जाऊन बसले आणि खरं काय झालं ते सांगितलं.

त्या म्हणाल्या, "मला सांगितलंस. बाकीच्यांस्नी कोण सांगल? अजून लोक यायलेत की."

तिथंच, त्या ओट्यावर बसून मी व्हिडिओ केला. मी चुकले, महिना न बघता वाचलं, आज शिबिर नाही, घरून निघू नका. पुन्हा न घेता तो तसाच पाठवला. वीस-पंचवीस जण त्या दिवशी गट सोडून गेले. एका गृहस्थांनी लिहिलं, पेपरवाले असेच. मी उत्तर दिलं, "बरोबर आहे, माझी चूक आहे." रिकाम्या हातानं परतणाऱ्यांबरोबर बसस्टँडपर्यंत चालत गेले.

दुसऱ्या दिवसापासून नियम केला. कागद स्वतः बघायचा किंवा पुरता फोटो मागवायचा, त्या कचेरीत फोन करायचा आणि कुणाला विचारून सांगतेय तेही आवाजात सांगायचं. यात उशीर होतो. होऊ दे.

पण तेवढ्यावर मला थांबवेना. शिबिर हुकलेल्यांचं काय? मी गटात विचारलं, "डोळ्याला कमी दिसतंय असं घरात कोण हाय? गावाचं नाव आणि वय बोलून पाठवा." चार दिवस आवाज येत राहिले. सुना सासऱ्यांसाठी बोलल्या, एक आजोबा स्वतःच बोलले आणि नाव सांगायचं विसरले. लेकीनं फोनवरून समजावलं तसं सगळं तक्त्यात भरलं, गावानुसार लावलं, छापलं आणि तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांपुढं ठेवलं.

"बातमी छापणार आहात का?" त्यांनी जरा सावध होऊन विचारलं.

"पान नाही राहिलं साहेब. शिबिर पाहिजे."

त्यांनी तक्ता दोनदा वाचला. एका भागात एवढी माणसं आहेत हे कुणी मोजलंच नव्हतं, असं म्हणाले. तरी मला तीन खेटे घालावे लागले. तिसऱ्या वेळी तारीख मिळाली. तीही मी सही-शिक्क्याचा कागद हातात आल्यावरच गटात सांगितली.

त्या शिबिरात तपासणी होऊन मावशींची शस्त्रक्रिया कलबुर्गीच्या दवाखान्यात झाली. पट्टी काढल्यावर मी समोर होते. माझ्याकडं निरखून बघत म्हणाल्या, "लई पांढरी झालीस की गं." मग माझा हात ओढून बांगड्या बघितल्या. "ह्या निळ्या मी दिल्या व्हय? बोललीस कामून न्हाईस?"

गट सोडून गेलेले सगळे परत आले नाहीत. तो टीका करणारा गृहस्थ आला, आणि आजही माझ्या प्रत्येक आवाजाखाली शंका काढतो. त्याच्या शंकांनी दोनदा मला वाचवलंय.

गेल्या महिन्यात शेजारच्या गावची एक कन्नड बोलणारी बाई भेटली. तिलाही वाचता येत नव्हतं. "आमच्यासाठी कोण वाचणार अक्का?" म्हणाली. तेव्हापासून मी रोज दोनदा बोलते, आधी मराठीत, मग कन्नडमध्ये. माझं कन्नड ऐकून लोक हसतात, चुकलेले शब्द बोलून पाठवतात. मी ते वहीत लिहून घेते आणि दुसऱ्या दिवशी नीट म्हणते.