तिसऱ्या बराकीतली मालन

मुलुंडच्या डोंगराखाली दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी सोल्जरांसाठी बांधलेल्या बराकी होत्या. देवगडकडून लग्न होऊन आलेली मालन त्यातल्या तिसऱ्या बराकीत राहिली. एका लांब खोलीत आठ बिऱ्हाडं, मध्ये लुगड्यांचे पडदे. तिथेच तिची दोन्ही मुलं झाली. बराकी खाली करायला पोलीस आले तेव्हा ती दारात मांडी घालून बसली. तिला उचलून गाडीत घालावं लागलं. मग सगळ्यांची रवानगी कांजूरमार्गच्या संक्रमण शिबिरात झाली.

चौऱ्याऐंशी साली तिसऱ्या बराकीत संग्रहालय उघडल्याचं कानावर आलं.

"कित्याक जातंस थंय?" नवरा लवू म्हणाला. "आता आपला काय आसा थंय?"

"बघून येतंय," म्हणून मालन शेजारच्या चंपाला घेऊन निघाली.

आत हंड्या-झुंबरं लागली होती. काचेमागे पैठण्या, चांदीच्या गुलाबदाण्या. मालनची चूल होती तिथे कुठल्याशा संस्थानिकाचा शिसवी पलंग मांडला होता. ती बराच वेळ पलंगाकडे बघत राहिली. छानच होता. मग तिने चंपाला भिंतीवरची पाटी वाचायला लावली. चंपा सातवी शिकलेली. ती अडखळत वाचू लागली, "युद्धानंतर ही वास्तू अनेक वर्षं रिकामी होती."

"परत वाच."

चंपाने परत वाचलं. मालन तडक ऑफिसात गेली. तिथे नलिनी नावाच्या तरुण बाई व्यवस्था बघत होत्या.

"बाई, रिकामी कशी? आमी काय भुतं होतो काय?"

नलिनीबाईंनी तिला बसायला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. "मावशी, खरं असेल तुमचं. पण मजकूर वरून मंजूर होऊन आलाय. माझ्या हातात नाही."

"मग माज्या हातात काय हाय ते मी बघते."

पुढच्या रविवारी ती बराकीतल्या जुन्या बायका घेऊनच आली. सगळ्यांनी रीतसर तिकिटं काढली, कशाला हात लावला नाही. ज्या त्या बाईने आपापली जुनी जागा धरली आणि येईल त्याला सांगायला सुरुवात केली. इथे माझं बिऱ्हाड होतं. इथे पाण्याचं पिंप. पलंगाशी मालन उभी होती. "माजा थोरला हितंच झाला, चटईवर," ती सांगत होती. लोक झुंबरं सोडून ऐकत राहिले. पहारेकरी कुंडलिक म्हणाला, "मावशी, आवाज नका करू."

"आवाज न करता निघालो असतो, तर तुमची पाटी खरी झाली असती," मालन म्हणाली.

पाऊसकाळ सरेपर्यंत एकही रविवार चुकला नाही. शेवटी एकदा पाटीवरची ती ओळ रंगाने पुसलेली दिसली. नलिनीबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "झालं ना मावशी आता समाधान?"

"खोडलंत, बरं केलंत," मालन म्हणाली. "पण लिवलंत कुठे?"

आणि पलंगाशी जाऊन उभी राहिली.