बजरंगच्या केसांचा नवस

येरमाळ्यात हायवेला माझं चहाचं हॉटेल आणि शेजारी बजरंगचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. पोरगा गुणी, हाताला कसब, पण डोक्यावर कायम टोपी. तिशीच्या आतच टाळू उघडी पडली होती. परंड्याच्या एका स्थळानं "मुलगा चांगला आहे, पण..." एवढं म्हणून फोन ठेवला आणि त्या 'पण'नं तो पार खचला. मला त्या लोकांचा अजून राग येतो.

मग त्यानं बार्शी गाठली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी भुलवलं नाही. म्हणाल्या, "मुळं जिवंत आहेत तिथं फरक पडेल. सगळ्यांनाच पडतो असं नाही." हातातलं रक्त काढायचं, यंत्रात गरगर फिरवायचं आणि वर येणारं पिवळसर पाणी सुईनं डोक्यात टोचायचं. दर महिन्याला हा खेळ. त्याची आई कमलबाई दर खेपेला सोबत जायची, त्याचा हात धरून बसायची.

"गडी स्वतःच्याच रक्ताचं खत घालतोय," मी चेष्टा करायचो.

पण काही महिन्यांनी टाळूवर लव दिसली, मग चांगले केसच आले. टोपी खुंटीला गेली. दुकानातला आरसा मात्र बजरंगला सोडेना. तेवढ्यात जळकोटची अर्पिता बघायला जायचं ठरलं आणि कमलबाईनं बॉम्ब टाकला.

"आधी देवीच्या डोंगरावर जाऊन केस दे. येडाईला नवस बोललेय म्या."

"केस आले तर केसच द्यायचे? हा कसला नवस, आई!"

"लेकराचं जावळ देतेत तसं. मला दुसरं काय सुचंल? अन् नवस फेडल्याबिगर शुभकामाला जायाचं न्हाय."

बजरंगनं तिच्याशी बोलणं टाकलं. त्याचंही चुकलं नव्हतं. इतक्या दिवसांनी आलेलं पीक कोण नांगरून टाकेल?

एका दुपारी कमलबाई त्याचा डबा घेऊन आली. ऊन मरणाचं. डांबर तापलेलं, आणि ती एकेक पाय उचलून उभी.

"चप्पल कुठं गेली, कमलबाई?" मी विचारलं.

"नवस फेडल्यावर घालीन. पहिल्या सुईच्या आधीच तसं बोललेय."

म्हणजे बार्शीच्या साऱ्या खेपाही अनवाणीच! बजरंग काउंटरवरून तिच्या भेगाळलेल्या टाचांकडं बघत राहिला. आरशातून नजर निघाली तर खाली दिसणार ना. अर्थात मलाही कुठं दिसलं होतं?

त्यानं डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या हसल्या. "मुळं आत आहेत हो. वरून कापल्यानं त्यांना काही होत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळीच डोंगरावर वस्तरा फिरला. खाली आल्यावर बजरंगनं पिशवीतून नवी चप्पल काढली आणि वाकून आईच्या पायात घातली. कमलबाई ढसाढसा रडली. मीही रडलो, लाज कसली.

जळकोटला जाताना मी त्याची टोपी सोबत घेतली होती. त्यानं ती घेतली नाही. तुळतुळीत डोकं घेऊन तो चार माणसांत ताठ बसला.

अर्पितानं चहा ठेवला, सरळ त्याच्याकडं बघितलं.

"नवसाचं व्हय?"

"व्हय. आईचा होता." बजरंगनं डोक्यावरून हात फिरवला. "माझे केस गेले होते. सुया टोचून घेतल्या, आईनं नवस केला, तवा आले. तेच देवीला दिले. परत येतील म्हणतेत डॉक्टर, पण..."

पुन्हा तोच 'पण'. मी कप खाली ठेवला.

अर्पिता पदराआड हसली.

"येतील की. लग्नापस्तोर येतील."