शेजाऱ्याचं गाऱ्हाणं

समस्त रत्नागिरीकरांना कळवण्यास अत्यंत दुःख होते की, आमच्या आळीत लोकांना हसवण्याचा माझा मान या निवडणुकीत गेला. नेला तो शेजारच्या पंप दुरुस्त करणाऱ्याने.

एरवी हा माणूस "बघू" आणि "होईल" या दोन शब्दांवर वर्ष काढतो. उमेदवारांच्या रेकॉर्ड केलेल्या फोनांनी आम्ही सगळेच वैतागलो होतो. त्याने मात्र बनियनला हात पुसले, स्पीकर लावून फोन पायरीवर ठेवला आणि देवळातल्या गाऱ्हाण्याला देतात तशी साथ द्यायला लागला.

"रस्ते गुळगुळीत करू!"

"व्हय म्हाराजा!"

दुसऱ्या दिवसापासून अख्खी आळी त्याच्या अंगणात. "मतं मागतोय कोण? तो उमेदवार! मग गाऱ्हाणं त्याचंच," असं तो गंभीरपणे म्हणाला आणि सगळे पोट धरून हसले. माझं मात्र पोट दुखलं.

काल तोच फोन मलाही आला. मी स्पीकर लावला, घसा साफ केला आणि दणदणीत "व्हय म्हाराजा!" ठोकलं. शेजारच्या बाजूच्या खिडकीला कान लावून उभी असलेली बायको ओरडली,

"अहो, बंद करा तो! पलीकडचं काही ऐकू येत नाहीये!"